उथळ तळ्यावरील फ्लाय फिशिंग: लेक वेंडुरीतील ट्राउट आणि रेडफिन पर्च

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या पश्चिमेला सुमारे ११५ किलोमीटरवर, सोन्याच्या खाणींमुळे नावारूपाला आलेले बॅलरॅट हे शहर आहे आणि त्याच्या ऐन वस्तीत लेक वेंडुरी हे २३८ हेक्टरांचे तळे पसरलेले आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील वल्ह्यांच्या नौकांच्या शर्यती याच पाण्यावर झाल्या. मुळात ही एक दलदल होती, आणि आजही तळ्याच्या बहुतेक भागात पाणी दोन मीटरांच्या आतबाहेरच असते. अशा पाण्यात मासा पाणगवत, उजेड आणि वारा यांच्या हिशेबाने वावरतो. त्यामुळे दूरवर फेक करण्याचे कौशल्य येथे दुय्यम ठरते आणि फेकण्याआधी किती वेळ नीट पाहिले यावर दिवसाचे फळ अवलंबून राहते. मेलबर्न परिसरात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना लहानपणी नदीकाठी किंवा खाडीत गळ टाकल्याची सवय असते. ती येथे उपयोगी पडते, परंतु आमिष लावून स्वस्थ बसण्याची पद्धत मात्र बाजूला ठेवावी लागते.

तळे आणि त्यातले दोन पाहुणे

ट्राउट आणि पर्च हे दोन्ही मासे मूळचे ऑस्ट्रेलियातले नाहीत. ब्राउन ट्राउटची अंडी १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ या शिडाच्या जहाजातून, बर्फात जपून, इंग्लंडहून आणली गेली आणि टास्मानियात उबवली गेली. युरोपीय पर्च, ज्याला येथे लालसर परांमुळे रेडफिन म्हणतात, तोही त्याच दशकात आला. रेनबो ट्राउट हा उत्तर अमेरिकेतला मासा त्यांच्यानंतर आला.

ट्राउट आणि रेडफिन यांच्यामधला एक फरक सुरुवातीलाच ध्यानात ठेवावा, कारण पुढचे नियम आणि युक्त्या बऱ्याच अंशी त्यावर आधारलेल्या आहेत. ट्राउटला अंडी घालण्यासाठी वाहते, थंड पाणी आणि बारीक खडीचा तळ लागतो. वेंडुरीत तसे काहीच नसल्यामुळे येथील ट्राउटची संख्या बीजकेंद्रातून सोडलेल्या माशांवर टिकून आहे. रेडफिन मात्र हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या आरंभी पाणगवतावर आपल्या अंड्यांच्या चिकट, जाळीदार पट्ट्या पसरतो आणि कोणाच्याही मदतीविना वाढतो. इतका वाढतो की पुष्कळदा त्याची गर्दी होऊन सगळेच मासे खुरटे राहतात.

उथळपणाचा फायदा असा की सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, पाणगवत माजते, त्यावर कीटक, पाणगोगलगायी आणि झिंगे पोसले जातात आणि ट्राउट झपाट्याने अंग धरतो. तोटा असा की हेच पाणी उन्हाळ्यात लवकर तापते, जोराच्या वाऱ्याने गढूळ होते आणि दीर्घ अवर्षणात नाहीसेही होते. २००६ मध्ये हे तळे पूर्ण कोरडे पडले होते. २०१०-११ च्या पावसानंतर ते पुन्हा भरले आणि त्यात नव्याने मासे सोडले गेले.

परवाना

व्हिक्टोरियात १८ ते ६९ वर्षे वयाच्या व्यक्तीला मासेमारीचा परवाना लागतो. काही सवलतधारकांना सूट आहे. परवाना ऑनलाइन मिळतो आणि तो तीन दिवसांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीचा घेता येतो. बहुतेक नद्यांमध्ये हिवाळ्यात ट्राउट पकडण्यास बंदी असते, तळी मात्र वर्षभर खुली असतात. ट्राउट किती ठेवता येतील याला दैनंदिन मर्यादा आहे आणि ती बदलू शकते, म्हणून राज्याच्या मत्स्य विभागाची चालू मार्गदर्शिका जाण्यापूर्वी पाहावी. रेडफिनला संख्येची किंवा आकाराची मर्यादा नाही.

सामग्री

नेहमीच्या गळाच्या मासेमारीत शिशाचे वजन पुढे जाते आणि दोरा त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय मात्र जवळजवळ वजनरहित असते. पिसे, केस आणि धागा गळावर बांधून केलेली ती कीटकाची किंवा लहान माशाची प्रतिकृती असते. तिला नेण्यासाठी लाइनच, म्हणजे फेकायचा दोराच, जाड आणि वजनदार केलेली असते, आणि रॉड वाकून सरळ होताना त्या लाइनला गती देतो. रॉड व लाइन यांच्यावर लिहिलेला क्रमांक याच वजनाचा असतो. उदाहरणार्थ ६ क्रमांकाच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे १०.४ ग्रॅम भरतात. रॉडचा क्रमांक आणि लाइनचा क्रमांक सारखा असावा. तो जुळला नाही तर महागडा रॉडही काठीसारखा वागतो.

वेंडुरीसाठी ९ फुटी, ६ क्रमांकाचा, मध्यम लवचीक रॉड घ्यावा. ५ क्रमांकाचा रॉड हातात अधिक सुखाचा वाटतो, परंतु बॅलरॅट हे पठारावरचे, वाऱ्याचे गाव आहे आणि पश्चिमेकडून वारा सुटला की हलकी लाइन जागीच ढासळते. रिळावर फार खर्च करू नये. त्यात लाइन आणि तिच्यामागे ५० मीटर जोडदोरा मावला आणि ब्रेक सुरळीत चालला की पुरे. वाचलेले पैसे लाइनवर घालावेत, कारण जुनी, तडे गेलेली लाइन तरंगत नाही आणि फेकलीही जात नाही.

तरंगती लाइन एवढी एकच घेऊन सुरुवात करता येते. पुढे पर्चमध्ये रस वाढला तर अगदी हळू बुडणारी, इंटरमीजिएट म्हटली जाणारी दुसरी लाइन घ्यावी. वेगाने बुडणारी लाइन या तळ्यावर नकोच, कारण ती थेट पाणगवतात जाऊन बसते.

लाइनच्या टोकाला निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर बांधतात आणि त्याच्या शेवटी टिपेट हा बारीक दोऱ्याचा तुकडा असतो. पाणी नितळ आणि शांत असेल तर लीडर व टिपेट मिळून १२ फूट लांबी ठेवावी. वाऱ्यात किंवा रात्री ९ फूट पुरते. ट्राउटसाठी टिपेटची ताकद २ ते ३ किलोंची असावी. याहून बारीक टिपेटला अधिक मासे लागतात असे सांगणारे पुष्कळ भेटतील, पण दाट पाणगवतात शिरलेला दीड किलोचा ट्राउट बारीक टिपेटवर बाहेर येत नाही. तो टिपेट तोडून, तोंडात गळ घेऊनच फिरत राहतो, आणि हे माशाच्या दृष्टीनेही वाईट आहे.

गाठी दोनच नीट शिकाव्यात: टिपेट जोडण्यासाठी सर्जनची दुहेरी गाठ आणि फ्लाय बांधण्यासाठी क्लिंच गाठ. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी, कारण कोरडी आवळताना घर्षणाने नायलॉन तापते आणि त्याची ताकद तेथेच कमी होते.

पोलराइज्ड चष्मा ही चैन समजू नये. त्याच्यामुळे पाण्यावरची चकाकी कमी होऊन आतील गवताच्या कडा आणि फिरणारा मासा दिसतो, शिवाय भरकटलेल्या गळापासून डोळा वाचतो. रुंद कडेची टोपी, लांब दांड्याचे रबरी जाळे, गळ काढण्यासाठी चिमटा आणि पाण्याचा तापमापक एवढे सोबत असले की सामान पुरे झाले.

फेक

पहिले धडे पाण्यावर घेऊ नयेत. मोकळ्या मैदानात, फ्लायच्या जागी लोकरीचा लहान तुकडा बांधून, वीस-वीस मिनिटे सराव करावा. रॉडचे टोक जमिनीलगत ठेवून सुरुवात करावी, हळूहळू वेग वाढवत ते मागे न्यावे आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाहिले तर एकच्या सुमारास ठाम थांबवावे. मग वाट पाहावी. मागे गेलेली लाइन पूर्ण उलगडेपर्यंत हात पुढे आणू नये. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी या एका क्षणाच्या घाईतून उद्भवतात. लाइन उलगडली की तशाच वाढत्या वेगाने रॉड पुढे आणून दहाच्या सुमारास थांबवावा आणि लाइन खाली उतरत असताना टोक सावकाश नमवावे. यात दंडाचे बळ लागत नाही, रॉड थांबवण्याची स्पष्टता लागते.

बारा ते पंधरा मीटरांची नीटनेटकी फेक जमली की तळ्यावर जावे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने वारा आपल्या डाव्या बाजूने येईल अशी जागा निवडावी, म्हणजे फ्लाय डोक्यापासून दूर राहते. वेंडुरीभोवती सुमारे सहा किलोमीटरांची वाट आहे आणि तिच्यावर धावणारे, सायकलवाले आणि लहान मुले यांची ये-जा असते. प्रत्येक फेकीपूर्वी मागे वळून पाहणे हा येथील शिष्टाचार नव्हे, तर सक्तीचा नियम समजावा.

पाण्याचा अंदाज घेणे

काठावर पोहोचल्यावर रॉड जोडण्याआधी किमान दहा मिनिटे नुसते पाहावे, आणि तेही पाण्यापासून चार पावले मागे राहून. पहाटे आणि सांजवेळी ट्राउट अर्धा मीटर खोल पाण्यातही काठाशी येतो. थेट पाण्यात उतरणारा माणूस त्याला पायाशीच उधळून लावतो.

पहिल्यांदा पाणगवताचा नकाशा मनात तयार करावा. पृष्ठभागाखाली दिसणारे गडद पट्टे म्हणजे गवताचे ताटवे, त्यांच्यामधील फिकट जागा म्हणजे मोकळी पात्रे. नौकांच्या मार्गासाठी गवत कापले जाते, आणि कापलेल्या मार्गाची कडा ही एक लांबलचक, सरळ सीमारेषा ठरते. ट्राउट या सीमांच्या कडेने गस्त घालतो. पर्च त्यांच्या सावलीत, किंवा धक्क्यांच्या आणि नौकागृहांच्या खांबांपाशी, थव्याने थांबतो. वल्हवणाऱ्यांचा सराव सुरू असताना त्यांच्या मार्गात लाइन टाकू नये हे ओघाने आलेच.

त्यानंतर वारा पाहावा. हलका वारा पृष्ठभागावरचे कीटक समोरच्या काठाकडे ढकलतो, त्यामुळे तोंडावर वारा घेऊन उभे राहणे गैरसोयीचे असले तरी बऱ्याचदा मासे तिकडेच असतात. तरंग उठलेले पाणी आणि गुळगुळीत पाणी यांच्या मधल्या पट्ट्यांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण अर्धवट उमललेले कीटक तेथेच अडकतात. वारा फार वाढून काठाचे पाणी चहासारखे झाले तर सरळ दुसऱ्या बाजूला जावे.

शेवटी तापमान. १० ते १८ अंश सेल्सिअस या दरम्यान ट्राउट चांगले खातो. पाणी २० अंशांच्या वर गेले की ट्राउटचा नाद सोडावा, कारण उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा सोडून दिल्यावरही बहुधा जगत नाही. अशा दिवशी पर्च पकडावा; त्याला ते पाणी मानवते.

ट्राउट: त्याच्या वाटेवर थांबणे

नदीत ट्राउट एका जागी थांबतो आणि प्रवाह त्याच्याकडे अन्न आणतो. तळ्यात प्रवाह नसल्यामुळे त्याला स्वतः हिंडावे लागते. हे हिंडणे बऱ्याचदा ठरलेल्या फेऱ्यांचे असते: तोच ताटवा, तीच कडा, काही मिनिटांनी पुन्हा तेच वळण. पाण्यावर वर्तुळ उठले की त्या वर्तुळात फ्लाय टाकण्याचा मोह होतो, पण मासा तोपर्यंत पुढे गेलेला असतो. लागोपाठच्या दोन वर्तुळांवरून दिशा ओळखावी, फ्लाय दोन-तीन मीटर पुढे टाकावी आणि ती तेथे त्याची वाट पाहत राहू द्यावी.

हंगामानुसार तो काय खातो हे बदलते, आणि दक्षिण गोलार्धात महिने आपल्या सवयीच्या उलट येतात हे विसरू नये. जून ते ऑगस्ट हा हिवाळा. तेव्हा थंडी कडक असते, परंतु ट्राउट काठाशी असतो. या काळात काडीकचऱ्याचे घर पाठीवर वाहणाऱ्या कॅडिस अळीची १२ क्रमांकाची (फ्लायचा क्रमांक गळाच्या आकाराचा असतो; तो जितका मोठा तितका गळ लहान) प्रतिकृती गवताच्या कडेला अगदी संथपणे सरकवावी, किंवा काळी अथवा हिरवट वूली बगर ही झुबकेदार शेपटीची फ्लाय थोड्या-थोड्या ओढीने आणावी. पहिल्या दिवसासाठी एकच फ्लाय निवडायची झाली तर मी ८ क्रमांकाची हिरवट वूली बगर निवडेन, कारण ती अळी, जळू, लहान मासा यांपैकी काहीही भासू शकते आणि पर्चही ती सोडत नाही.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सर्वांत चांगला काळ. शांत सकाळी किंवा सायंकाळी डंख न करणाऱ्या बारीक चिलटांचे कोष तळाच्या चिखलातून वर येतात आणि पृष्ठभागाखाली क्षणभर लटकतात. ट्राउट त्या वेळी नुसती पाठ आणि पर दाखवत, शिंतोडा न उडवता त्यांना टिपतो. १४ किंवा १६ क्रमांकाची काळी किंवा तांबूस कोष-फ्लाय घ्यावी, तिच्या वर सुमारे एक मीटरवर दुसरी तरंगणारी फ्लाय बांधावी आणि फेकल्यावर लाइनचा फक्त ढिलेपणा काढावा. ओढू नये. वरची फ्लाय अडखळली, बाजूला सरकली किंवा बुडाली की रॉड हलकेच उचलावा. ही सर्वांत कंटाळवाणी आणि माझ्या मते सर्वांत फलदायी पद्धत आहे. नवख्या माणसाला हात स्थिर ठेवणे हेच तिच्यात जड जाते.

ऑक्टोबरच्या सुमारास ऊब वाढली की टाचणी या चतुरासारख्या सडपातळ कीटकाच्या अळ्या पंख फुटण्यासाठी अंग वळवत गवताकडे आणि काठाकडे पोहत येतात. त्यांच्यासाठी १२ क्रमांकाची, मऊ पिसांच्या शेपटीची सडपातळ हिरवट फ्लाय वापरावी. पाच-सहा लहान ओढी आणि मग विराम, अशी लय ठेवली तर पिसे विरामात आपोआप हलतात आणि मासा बहुधा त्याच वेळी धरतो.

नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चतुराच्या अळ्यांची पाळी येते. येथे त्यांना मडआय म्हणतात. या अळ्या अंधार पडल्यावर पाण्याच्या पृष्ठभागालगत पोहत लव्हाळ्यांच्या बेटांकडे आणि खांबांकडे जातात, वर चढतात आणि कात टाकून उडतात. मोठे ब्राउन ट्राउट ही मेजवानी चुकवत नाहीत. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने लव्हाळ्यांच्या कडेला समांतर फेक करावी आणि ८ क्रमांकाची, फोम किंवा हरणाच्या केसांची तरंगती गडद फ्लाय अखंड, संथ गतीने आणावी. तिच्यामागे पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ उमटली पाहिजे. रात्री टिपेट ४ किलोंचे बांधावे. आवाज ऐकताच झटका देऊ नये, लाइनला वजन जाणवले की मगच रॉड उचलावा. डोक्याला दिवा असावा, पण तो पाण्याकडे रोखू नये. तसेच जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी, कारण उन्हाळ्यात या भागातील तळ्यांकाठच्या लव्हाळ्यांत टायगर स्नेक हा विषारी साप आढळतो.

पर्च: त्याच्याकडे जाणे

ट्राउटबाबत जे सांगितले त्याच्या उलट येथे करावे. पर्च फेऱ्या मारत आपल्याकडे येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. चालत राहून त्याचा थवा शोधावा लागतो. एका जागी पंख्याच्या पात्यांप्रमाणे दिशा बदलत सात-आठ फेकी कराव्यात, काही लागले नाही तर वीस पावले पुढे जावे. एक मासा लागला की मात्र तेथेच थांबून, त्याला काढताच पुन्हा त्याच ठिकाणी फेकावे. थव्यातले मासे साधारण एकाच आकाराचे असतात, म्हणून पहिले तीन बोटभर निघाले तर त्यांच्यामागे वेळ न घालवता जागा बदलावी.

भर दुपारी, ट्राउट सुस्तावलेला असताना, पर्च खात असतो. ६ क्रमांकाच्या गळावर बांधलेली, डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असलेली क्लाउझर फ्लाय यासाठी उत्तम. पांढऱ्यावर हिरवा असा रंग लहान माशासारखा दिसतो, आणि गळ्यापाशी लाल धाग्याचे दोन वेढे असावेत असा माझा आग्रह आहे. फ्लाय मोकळ्या पात्रात टाकून गवताच्या माथ्यापर्यंत बुडू द्यावी, मग दोन लांब ओढी द्याव्यात आणि पूर्ण थांबावे. फ्लाय नाक खाली करून बुडू लागते, आणि पर्च जवळजवळ नेहमी याच बुडण्यात धरतो. हाताला फक्त किंचित जडपणा जाणवतो. तेव्हा रॉड न उचलता डाव्या हाताने लाइन तशीच लांब ओढावी. पुढे मासा आणताना ओढाताण टाळावी, कारण पर्चच्या ओठांभोवतीचे कातडे पातळ असते आणि फाटले की गळ निसटतो.

त्याला हातात घेताना पाठीवरचा पहिला पर पुढून मागे दाबत धरावा. त्या पराचे काटे टोकदार असतात आणि कल्ल्याच्या झाकणावरही एक काटा असतो.

मासा लागल्यावर

मोठा ट्राउट पहिल्या धावेत गवताकडे जातो. तेव्हा रॉड आडवा, धावेच्या उलट दिशेला धरून त्याचे डोके वळवावे. रॉड उभा धरून त्याला वर उचलण्याचा प्रयत्न केला तर तो खालीच शिरतो. शिरलाच तर लाइन ढिली सोडून मिनिटभर थांबावे, कधी कधी तो स्वतःच बाहेर येतो.

सोडायचा मासा कोरड्या हाताने धरू नये, कारण त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. गळाच्या टोकाजवळची उलटी आकडी चिमट्याने आधीच दाबून टाकली असेल तर जाळे पाण्यातच ठेवून गळ सहज काढता येतो. मासा सरळ धरून, तो स्वतःहून निघेपर्यंत आधार द्यावा. ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर घाव घालून मारावा आणि बर्फात ठेवावा.

तुटलेल्या टिपेटचा एकही तुकडा काठावर राहू देऊ नये. या तळ्यावर काळ्या राजहंसांची वस्ती आहे आणि नायलॉन त्यांच्या पायांत व चोचीत अडकते. निघताना बूट आणि जाळे धुऊन पूर्ण वाळवावेत, म्हणजे येथील पाणगवत आणि रोगजंतू दुसऱ्या पाण्यात जात नाहीत. जिवंत रेडफिन बादलीतून दुसऱ्या तळ्यात नेणे तर पूर्णपणे टाळावे. तळ्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाची सूचना लावलेली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये आणि मासा घरी नेऊ नये.

पर्चचे मांस पांढरे, घट्ट आणि गोडसर असते. खवले इतके चिवट असतात की ते खरवडण्यापेक्षा कण्यालगत सुरी चालवून दोन्ही बाजूंचे मांसल काप काढावेत आणि कातडे खालून सोलून टाकावे. पोटाच्या बाजूचे काटे कापून टाकले की लहान मुलांनाही देता येतो. हळद, मीठ, आले-लसूण, तिखट आणि कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवावे, रवा आणि तांदळाचे पीठ यांत घोळवावे आणि मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन मिनिटे तळावी. काप पातळ असतात, त्यामुळे सुरमईच्या तुकडीइतका वेळ दिला तर ते कोरडे पडतात.